पातं थांबेपर्यंत हात लावू नये

आरशाची चौकट मंगळवारी निखळली आणि विहीणबाई रविवारी येणार होत्या. मधले दिवस किती, हे मोजायला काकूंना शाळेची गरज नव्हती. शाळेचा विषय घरात निघाला की काकू उठून गॅस बंद आहे का ते बघायला जायच्या. बाकी सगळ्या विषयांवर त्या बसल्या जागेवरून बोलत.

आरसा काकूंच्या आईचा. दीड फूट उंच, सव्वा फूट रुंद, आणि काच अशी जाड की उचलण्याआधी माणसाला दोनदा विचार करावा लागे. त्यात माणूस आहे तसा दिसायचा. नव्या आरशांसारखा उगाच बारीक नाही. चौकट मात्र आतून वाळवीने खाल्ली होती आणि बाहेरून रंगावर उभी होती, घरातल्या काही माणसांसारखी. मागच्या खेपेला विहीणबाई, म्हणजे सुनेची आई, त्या आरशासमोर उभ्या राहून केस सारखे करत म्हणाल्या होत्या, की आरसा छान आहे हो, चौकट तेवढी दमलेली दिसते. तो 'तेवढी' शब्द काकूंच्या मनात सात महिने दातात अडकलेल्या धाग्यासारखा राहिला होता. आता चौकट नुसती दमली नाही, मेलीच. विहीणबाईंच्या घरात सगळं दुकानातलं, नवं, कागदात गुंडाळून आलेलं. त्या पेपरसुद्धा हातात धरून बसायच्या आणि डोळे दुखतात म्हणून बाजूला ठेवायच्या. काकूंच्या मते हे श्रीमंती चाळे होते.

बुधवारी काकू आरसा घेऊन चौकटीच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने आरशाकडे एकदा आणि काकूंकडे एकदा बघितलं आणि दोघांना मिळून एकच सल्ला दिला, की जुनं धरून बसू नका. हा आरसा टाकून द्या, मी तयार चौकटीतला देतो. काकूंनी आरसा परत चादरीत बांधला. "आमच्या घरी हात आहेत," त्या म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

हे हात म्हणजे काका. काका नुकतेच ऑफिसातून निवृत्त झाले होते आणि काकूंचं असं पक्कं मत होतं, की निवृत्त पुरुषाच्या हातात काहीतरी द्यावं. नाहीतर तो घरातली बरणी न् बरणी उघडून आत काय आहे ते विचारतो. काकांनी ऑफिसात अडतीस वर्षं फायली सांभाळल्या होत्या. त्यांनी आधी 'आरसा: चौकट: दुरुस्ती' अशी फाईल उघडली, तीन इंच रुंदीची लाकडी पट्टी आणली, आणि मग जेवणाच्या टेबलावर पट्टी ठेवून घरातल्या जुन्या करवतीने तिरका काप घेतला. काप सुरेख आला. पट्टीलाही आला आणि टेबलाच्या कडेलाही आला. सून स्वयंपाकघरातून आली, टेबलाकडे बघितलं, आणि काही न बोलता परत गेली. ती शहाणी मुलगी होती. काकूंनीच निवडली होती.

तोवर बिल्डिंगीत बातमी गेली होती. तळमजल्यावरच्या शिंप्याने सुचवलं, की कापडी चौकट करू, झालर लावून. वरच्या दातांच्या डॉक्टरांनी तारेने बांधायचं सुचवलं. ज्याला जे येतं त्याला जगातल्या सगळ्या दुखण्यावर तेच औषध दिसतं. शेवटी समोरच्या घरातले इन्स्पेक्टर आले. इन्स्पेक्टर म्हणजे पोलीस नव्हेत. कारखान्यांची तपासणी करायचे. आता त्यांच्याकडे तपासायला कारखाने उरले नव्हते, म्हणून ते गल्ली तपासत. त्यांनी टेबलाचा काप चष्मा वर करून बघितला आणि सांगितलं, की पंचेचाळीस अंशाचा काप हाताचं काम नव्हे. गल्लीच्या टोकाला रहिवाशांची कार्यशाळा आहे, तिथे मायटर सॉ, म्हणजे तिरका काप घेणारं यंत्र, आहे, आणि त्या कार्यशाळेचे सेक्रेटरी स्वतः इन्स्पेक्टर आहेत. अर्ज करा.

गुरुवारी सकाळी काका आणि काकू कार्यशाळेत गेले. पत्र्याची लांब शेड, जमिनीवर लाकडाचा भुसा, भिंतीवर हत्यारं आपापल्या आकाराच्या रंगवलेल्या सावलीत टांगलेली. मधोमध टेबलावर ते यंत्र. खाली गोल तबकडी, तीवर अंशांच्या रेघा. मागे लोखंडी आधाराची भिंत. आणि वर दातेरी पातं धरलेला एक दांडा, मान वर करून बसलेला. दांडा खाली दाबला की पातं लाकडात उतरतं, आणि तबकडी फिरवली की काप तिरका येतो. काकूंना यंत्र बघताक्षणी आवडलं. सरळ उभं राहून तिरकं कापणारं त्यांनी आजवर एकच माणूस बघितलं होतं, आणि ते रोज आरशात दिसायचं.

यंत्र शिकवायला तिथे मिस्त्री होते. मिस्त्रींच्या डाव्या करंगळीचं वरचं अर्धं पेर नव्हतं. कोणी नियमाबद्दल वाद घालायला लागलं की मिस्त्री काही बोलत नसत, फक्त ती करंगळी वर करत. वाद तिथेच संपायचा. इन्स्पेक्टरसुद्धा त्या करंगळीपुढे गप्प होत, आणि इन्स्पेक्टरांना गप्प बसलेलं त्यांच्या बायकोनेही पाहिलं नव्हतं.

नियम असा, की बारा नियमांची परीक्षा दिल्याशिवाय आणि प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय यंत्राला कोणी हात लावायचा नाही. काकांनी अर्ज भरायला घेतला. अर्ज भरणं हे काकांचं सुख. सातव्या रकान्यात विचारलं होतं, झोप आणणारं एखादं औषध घेता का. दुसरा कुणी 'नाही' लिहून पुढे गेला असता. काकांनी 'होय, सोबत जोडले आहे' असं लिहिलं आणि औषधांची यादी, वेळा, आणि कुठल्या गोळीने किती वेळ झोप येते याचा स्वतः आखलेला तक्ता जोडला. इन्स्पेक्टरांनी तो वाचला, मनापासून कौतुक केलं, आणि अर्ज नामंजूर केला. डोळ्यांवर झापड असलेल्या माणसाने पात्यासमोर उभं राहायचं नाही, हा नियम क्रमांक एक. नियम बरोबर होता, हेच काकूंना जास्त लागलं. चुकीच्या नियमाशी भांडता तरी येतं.

मुलगा कामासाठी परगावी. सुनेला सुट्टी नाही. इन्स्पेक्टर सहानुभूतीने म्हणाले, "वहिनी, आता पुढच्या महिन्यावर टाका. हे काही स्वयंपाकघर नाही, इथे वाचून समजून घ्यावं लागतं."

वाक्य संपायच्या आत काकूंनी अर्ज ओढून घेतला होता. "माझं नाव घाला," त्या म्हणाल्या आणि खाली सही केली. काकूंची सही बघण्यासारखी होती. मोठी, वळणदार, खाली दोन रेघा आणि एक टिंब. ती सही बघून बँकेतले लोक उठून उभे राहत. त्या सहीच्या पलीकडे काकूंना अक्षरं एकेक करून ओळखावी लागत, आणि ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवातीची हातातून निसटलेली असत. हे कुणाला माहीत नव्हतं, असा काकूंचा चाळीस वर्षांचा समज होता. कारण कागद समोर आला की नेमका त्यांचा चष्मा सापडत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गुरुवारी संध्याकाळी बारा नियमांचं पत्रक घरी आलं आणि चष्मा हरवला. काकूंनी काकांना सांगितलं, की तुम्हीच मोठ्याने वाचा, तुमचा उच्चार ऑफिसात बिघडलाय तो तपासते. काका वाचत गेले आणि काकू चुका काढत गेल्या. त्यातूनच नियम पाठ झाले. काकूंची पाठ करायची रीत साधी होती. प्रत्येक नियम त्यांनी एकेका नातेवाइकाला नेमून दिला. लाकूड मागच्या भिंतीला घट्ट टेकलेलं हवं, मधे फट नको: हा धाकटा दीर, पाठीला भिंत असली तरच ठाम बोलतो. हात पात्यापासून वीतभर लांब, आणि एका हातावरून दुसरा हात कधी न्यायचा नाही: या दोघी नणंदा, एकमेकींच्या कामात हात घालून दोन्ही कामं बिघडवणाऱ्या. लहान तुकडा हाताने धरायचा नाही, शिकंज्यात धरायचा: ही जावेची जुळी. पात्यावरचं झाकण काढायचं नाही: हे मेहुणे, टोपी घालूनच बरे दिसतात.

आणि बटण सोडलं तरी पातं फिरत राहतं. ते पूर्ण थांबेपर्यंत दांडा उचलायचा नाही, कापलेल्या तुकड्याला हात लावायचा नाही. या नियमाला काकूंना नातेवाईक सुचेना. काका पत्रकावरून नजर न उचलता म्हणाले, "घरातलंच कुणीतरी बघ." काकूंनी त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं. मग तो नियम कुणालाही न नेमता तसाच पाठ केला.

शुक्रवारी सकाळी परीक्षा. इन्स्पेक्टरांनी छापील कागद पुढे ठेवला. काकूंनी सवयीने चष्मा घरी राहिल्याचं जाहीर केलं. इथे घोडं पेंड खायला लागलं, कारण इन्स्पेक्टर भला माणूस निघाला. त्यांनी स्वतःचा चष्मा काढून दिला. काकूंनी तो लावला. अक्षरं मुंग्यांसारखी होती ती आता झुरळांएवढी झाली, एवढाच फरक. "तुमच्या चष्म्यातून सगळ्यात खोटच दिसते," म्हणत त्यांनी तो परत केला. कपाळावर घाम आला होता. शेडच्या पत्र्यामुळे, असं त्यांनी हवेला सांगितलं.

मिस्त्री लांबून बघत होते. ते पुढे आले, कागद उचलला आणि म्हणाले, की यंत्र काही लिहून चालत नाही, मी तोंडी विचारतो आणि उत्तरं टिपतो. इन्स्पेक्टर म्हणाले, परीक्षा लेखीच हवी, तसा ठराव आहे. मिस्त्रींनी करंगळी वर केली. ठराव खाली बसला.

मग काकू सुटल्या. काप घेण्याआधी काय कराल? वीज बंद ठेवून दांडा एकदा रिकामाच खाली आणून बघेन, पातं कुठून जातं आणि माझे हात कुठे आहेत ते. पातं बदलायचं असेल तर? आधी प्लग काढेन, बटणावर विश्वास नाही, बटणं बापेमाणसं बनवतात. हातमोजे घालाल का? मुळीच नाही; फिरत्या पात्याला मोज्याचा धागा सापडला की ते हातच ओढून नेतं. लाकडात दांडा कधी उतरवाल? पातं पूर्ण वेगात आल्यावर. कुणी बोलायला लागलं की त्याला आधी भरात येऊ द्यावं, मग कामाला लावावं. शेवटचं उत्तर मिस्त्रींनी टिपलं नाही, पण ते हसले.

इन्स्पेक्टर शिक्का आणायला आतल्या खोलीत गेले. काकूंनी आवाज बारीक केला आणि विचारलं, की मिस्त्री, यातला कुठला नियम मोडलात तेव्हा करंगळी गेली?

मिस्त्रींनी आतल्या दाराकडे बघितलं. "लोखंडी कपाटाचं दार," ते म्हणाले. "घरचं. साड्यांच्या ढिगात माझी बनियन शोधत होतो."

"मग लोकांना सांगत का नाही?"

"कपाटाला कोण घाबरतं, काकू?"

काकूंना हसू दाबताना ठसका लागला. ठसका थांबला तेव्हा त्यांच्या तोंडून, त्यांनाही न विचारता, निघून गेलं, "मी तिसरीत शाळा सोडली."

"कळलं मला. तुम्ही कागदाकडे एवढा वेळ बघत होता, पण पान उलटलं नाहीत. मागच्या बाजूला सहा प्रश्न होते."

तेवढ्यात शिक्का आला, आणि शिक्क्याबरोबर प्रमाणपत्र. त्यावर काकूंना स्वतःचं नाव वाचता आलं. ते त्यांनी दोनदा वाचलं.

दुपारी काप घ्यायचे ठरले आणि बघायला अर्धी बिल्डिंग आली. काका मापांचा कागद घेऊन आले. तीन प्रती, खाली 'मापे तपासली' आणि सहीची रेघ. काकूंनी कागद हातात धरला, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, मान हलवली, आणि सही ठोकली. दोन रेघा, एक टिंब. घरातल्या प्रत्येक कागदाचं चाळीस वर्षं असंच होत आलं होतं.

मग काकूंनी अंमल हातात घेतला. साबण लावून बांगड्या काढल्या. बाह्या कोपरापर्यंत घट्ट दुमडल्या, केस बांधून रुमालात घातले, गळ्यातली साखळी जेवणाच्या सुट्टीत धावत आलेल्या सुनेकडे दिली. शिंप्याच्या गळ्यात मोजपट्टी लोंबत होती, त्याला जमिनीवरच्या पिवळ्या रेघेमागे पाठवलं. सुनेने सासूच्या काळजीने ओव्हनचे जाड हातमोजे आणले होते. ते परत पाठवले. आणि सेक्रेटरी असूनही मफलर घालून आलेल्या इन्स्पेक्टरांकडे नुसतं बोट केलं. इन्स्पेक्टरांनी मफलर काढला आणि घडी घालून खिशात ठेवला. कारखान्यांची तपासणी करताना त्यांना जे सुख कधी घ्यायला मिळालं नव्हतं, ते काकूंनी त्या दिवशी घेतलं.

डोळ्यांवर गॉगल आले, कानांवर जाड टोपणं आली. आणि एक चमत्कार झाला. समोर सगळ्यांची तोंडं हलत होती. शिंपी सांगत होता, डॉक्टर हातवारे करत होते, काकासुद्धा काहीतरी सुचवत होते, आणि काकूंना एक अक्षर ऐकू येत नव्हतं. लग्न झाल्यापासून त्यांना कोणाचाही सल्ला ऐकू न येण्याची ही पहिली वेळ. त्या मिनिटभर तशाच उभ्या राहिल्या. मग तबकडी पंचेचाळीसवर अडकवली, पट्टी शिकंज्यात धरली, बटण दाबलं, पातं भरात येऊ दिलं, आणि दांडा सावकाश उतरवला. लोण्यात सुरी जावी तसं पातं गेलं. बटण सोडलं. थांबल्या. पातं थांबलं. मगच दांडा वर आला. मिस्त्रींनी मान डोलावली.

चार पट्ट्या, आठ काप, सगळे काटेकोर. कोपऱ्यांत केसही जाणार नाही अशी चौकट जुळली. काकांनी चौकट उभी धरली, मिस्त्रींनी आरसा उचलून तिच्यावर टेकवला, आणि चौकट दिसेनाशी झाली.

अख्खी चौकट आरशाच्या मागे गेली होती. काकांनी आरशाची उंची-रुंदी अचूक मोजली होती, दीड बाय सव्वा फूट, आणि तीच मापं चौकटीच्या बाहेरच्या कडेची म्हणून लिहिली होती. पट्टीची रुंदी धरलीच नव्हती. चौकटीत आरसा बसायचा सोडून आरशात चौकट बसत होती.

काका म्हणाले, चूक माझी. पण इन्स्पेक्टर माणूस सवयीचा गुलाम, त्यांनी मापांचा कागद उचलला, खाली बघितलं, आणि हळूच विचारलं, "तपासलं कोणी होतं?" सगळ्यांनी ती सही बघितली. एवढी सुंदर सही लपवता येत नाही.

पट्टी संपली होती आणि वखारीत नवी सोमवारशिवाय येणार नव्हती. काकू साखळी न घालताच घरी गेल्या. मागून काका. नेहमी अशा वेळी काकूंनी कापायला काकांनाच घेतलं असतं, आणि काकाही मान पुढे करून चालले होते. पण काकू आरशाच्या रिकाम्या जागेसमोर, जिथे भिंतीवर फिक्या रंगाचा चौकोन राहिला होता, तिथे उभ्या राहिल्या.

"मी तपासलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "मला नीट वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं."

काका खुर्चीत बसले. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यापासून. अगं, कागद आला की तुझा चष्मा कोण लपवत होतं, असं तुला वाटलं?"

काकूंना हे नवीन होतं. चाळीस वर्षं त्या समजत होत्या, की चष्मा नशिबाने हरवतो. त्यांनी वर्तमानपत्राची चळत उचलली. चष्मा खालीच होता.

"मग तपासायला मला का देता कागद?"

"तू मान हलवलीस की मला धीर येतो," काका म्हणाले. "ऑफिसात साहेबही न वाचताच मान हलवायचे. पण त्यांची मान तुझ्यासारखी हलत नसे."

काकूंनी नेहमीप्रमाणे गॅस बघायला उठायचं ठरवलं, दोन पावलं गेल्या, आणि परत येऊन बसल्या. बराच वेळ दोघं टेबलाकडे बघत होते. कारण टेबल समोर होतं, आणि त्याच्या कडेला काकांनी बुधवारी घेतलेला काप होता. मग काकू टेबलाच्या कडेवरून हात फिरवत म्हणाल्या, की ही कडेची फळी किती रुंद असेल हो? काकांनी मोजलं. दोन्ही बाजूंच्या फळ्या तीन-तीन इंच रुंद आणि चार-चार फूट लांब. सुनेला विचारलं. सून म्हणाली, टेबल तसंही खोलीला मोठंच होत होतं. सांगितलं ना, शहाणी होती.

शनिवारी काकूंनी कागद बंद केले. आरसा पालथा ठेवला, फळ्या त्याच्या चारही कडांवर ठेवल्या, आणि काच जिथे संपते तिथून थोडं आत लाकडावरच पेन्सिलीने रेघ मारली. आयुष्यभर त्या कापडावर खुणा करत आल्या होत्या तसंच. मिस्त्री म्हणाले, आम्ही पण घरी असंच करतो, मापं फक्त गिऱ्हाइकाला दाखवायला लिहितो. पण काप घ्यायच्या आधी काकूंनी यंत्र थांबवलं. जुनं लाकूड आहे, खिळा असेल, असं त्या म्हणाल्या. मिस्त्री आणि इन्स्पेक्टर दोघांनी फळ्या बघितल्या, काही नाही म्हणाले. काकूंनी शिवणाच्या डब्यातलं लोहचुंबक काढून लाकडावरून फिरवलं, आणि एके जागी ते चिकटून बसलं. रंगाखाली बोटाएवढा खिळा होता. पातं त्याच्यावर आदळलं असतं तर काय झालं असतं, हे मिस्त्रींनी करंगळी वर न करता सांगितलं, आणि इन्स्पेक्टरांनी तिथल्या तिथे तेरावा नियम लिहून घेतला.

संध्याकाळपर्यंत चौकट झाली. मिस्त्रींनी मागून खाच पाडून दिली, आरसा आत बसला, आणि भिंतीवरचा फिका चौकोन झाकून वर चार बोटं उरला. टेबल दोन्हीकडून बारीक होऊन उठून दिसायला लागलं. राहिली ती पहिली, फसलेली चौकट. काका ती माळ्यावर टाकायला निघाले होते. आतली मोकळी जागा एक फूट बाय पाऊण फूट. काकूंनी आत जाऊन प्रमाणपत्र आणलं आणि त्यात धरलं. जणू मोजून केल्यासारखं बसलं. ते आरशाच्या शेजारी लागलं.

रविवारी विहीणबाई आल्या. पर्स मांडीवर घेऊन बसल्या, चहा घेतला, उठल्या, आणि केस सारखे करायला आरशासमोर गेल्या. काकू श्वास धरून बघत होत्या. विहीणबाईंनी चौकटीच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. सांधा लागला नाही. "कुठून आणलीत?" त्यांनी विचारलं. काकूंनी आपले दोन हात पुढे केले, दहाही बोटं पसरून. विहीणबाईंनी ती मोजल्यासारखी बघितली आणि काहीच बोलल्या नाहीत. विहीणबाईंचं काहीच न बोलणं ही सात महिन्यांतली सगळ्यात मोठी मिळकत होती. काकूंना वाटलं, आता रविवार इथेच संपला तरी चालेल.

पण विहीणबाईंची नजर शेजारच्या चौकटीवर गेली. "आणि हे काय लावलंय?"

"वाचा की," काकू ऐटीत म्हणाल्या.

विहीणबाई पुढे झुकल्या. डोळे बारीक केले. पहिल्या ओळीवर त्यांची नजर एकेक अक्षर चढत गेली आणि मधेच घसरून पहिल्याच अक्षराशी आली. काकूंनी ते बघितलं. ती घसरगुंडी त्यांच्या पायाखालची होती. मग विहीणबाई सरळ झाल्या, पर्सवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अगंबाई, चष्मा घरीच राहिला वाटतं."

पर्सचं तोंड अर्धं उघडं होतं, आणि चष्म्याचं घर त्यातून मान बाहेर काढून बसलं होतं.

काकूंच्या जिभेवर वाक्य तयार होतं. चांगलं होतं. सात महिन्यांचं व्याज त्यात होतं, आणि ते एकदा सुटलं असतं तर विहीणबाई पुढच्या सात वर्षांत कुणाच्या चौकटीबद्दल बोलल्या नसत्या. पातं पूर्ण वेगात आलं होतं. काकूंनी बटण सोडलं. आणि उभ्या राहिल्या, पातं पूर्ण थांबेपर्यंत.

पलीकडे काका पेपरआडून बघत होते. या नियमाला नातेवाईक मिळाला होता.

मग काकू पुढे झाल्या, विहीणबाईंच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दुसऱ्या हाताने, सहज, पर्सची चेन ओढून लावली.

"असू दे हो," त्या म्हणाल्या. "मी वाचून दाखवते. नियम पहिला. डोळ्यांवर झापड असेल तर..."

आणि काकूंनी तेराच्या तेरा नियम वाचून दाखवले. प्रमाणपत्रावर त्यातला एकही लिहिलेला नव्हता.